मेंदूचा स्कॅन आणि पार्किन्सनसदृश विकारांचे निदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबांचा हात थरथरू लागतो किंवा आईची चाल आखडते, डॉक्टर चिठ्ठीवर ‘एमआरआय करून घ्या’ असे लिहून देतात आणि घरात प्रश्नांना सुरुवात होते. मी गोव्यात स्कॅन वाचण्याचे काम करतो. स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर बसलेले नातेवाईक जे विचारतात, त्यांतले नेहमीचे प्रश्न येथे घेतले आहेत. औषधे कोणती आणि किती घ्यायची हा न्यूरॉलॉजिस्टचा विषय असल्याने तो येथे चित्रांशी संबंध येईल तेवढाच घेतला आहे.

पार्किन्सन, कंपवात आणि पार्किन्सोनिझम हे एकच आहे का?

नाही. पार्किन्सोनिझम हे एका लक्षणसमूहाचे नाव आहे. हालचाली मंदावणे, स्नायू ताठरणे, विश्रांतीत हात थरथरणे आणि चाल आखडणे ही त्यातली मुख्य लक्षणे. हा समूह अनेक कारणांनी निर्माण होतो. त्यांतले सर्वांत मोठे कारण म्हणजे पार्किन्सनचा आजार, ज्याचे वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. मराठीत त्याला कंपवात म्हणतात, पण हा शब्द थोडा फसवा आहे, कारण या आजाराच्या कित्येक रुग्णांना कंप नसतोच आणि हात थरथरणाऱ्या पुष्कळ लोकांना हा आजार नसतो.

उरलेल्या कारणांत पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी), एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी) आणि कॉर्टिकोबेसल डिजनरेशन हे मेंदूची झीज करणारे, वेगाने वाढणारे विकार येतात. भास होणे आणि स्मृती ढासळणे यांसह येणारा ल्यूई बॉडी डिमेन्शिया, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याने येणारा पार्किन्सोनिझम आणि औषधांमुळे होणारा पार्किन्सोनिझम हेही त्यांतच मोडतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे रुग्ण सारखेच वाटतात. मात्र कोणाला लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या मुख्य गोळीने गुण येईल, कोणाला येणार नाही आणि कोणाचा आजार केवळ एक गोळी बंद केल्याने जाईल, हे कारण कळल्याशिवाय सांगता येत नाही.

स्कॅन न करता निदान होऊ शकते का?

होऊ शकते, आणि बहुतेकदा तसेच होते. आंतरराष्ट्रीय मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार पार्किन्सनच्या निदानाची पहिली पायरी म्हणजे हालचालींतील मंदपणा, आणि त्याच्या जोडीला ताठरपणा किंवा विश्रांतीतला कंप. हे सर्व डॉक्टर हाताने आणि डोळ्यांनी तपासतात. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगतात, मनगट फिरवून पाहतात, खुर्चीवरून उठून चालायला लावतात आणि चालताना दोन्ही हात सारखे हलतात का हे बघतात. येथे मंदपणा म्हणजे नुसते सावकाश हलणे नव्हे. तीच कृती पुन्हा पुन्हा करताना तिचा आवाका दर वेळी थोडा थोडा कमी होत जातो.

हे घरातही दिसते, पण ओळखू येत नाही. चवथीच्या आरतीला सगळे टाळ्या वाजवत असतात, पहिल्या कडव्यापर्यंत आजोबांचे दोन्ही हात बरोबर चालतात आणि पुढे डावा हात नुसताच उभा राहून उजव्याची वाट पाहू लागतो. बँकेत पेन्शन काढताना सही जुळत नाही म्हणून कारकून परत पाठवतो, कारण अक्षर ओळीच्या शेवटाकडे जाताना बारीक होत गेलेले असते. बांगडे तळल्याचा वास सगळ्या घराला येतो आणि त्यांना एकट्यांनाच येत नाही. वास जाणे ही गोष्ट कंपाच्या कित्येक वर्षे आधीही सुरू झालेली असू शकते.

अशा तपासणीने केलेले निदान नेहमी बरोबर येते असे मात्र नाही. मृत्यूनंतर मेंदू तपासून पडताळलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वैद्यकीय तपासणीने केलेले पार्किन्सनचे निदान सुमारे ८० टक्के रुग्णांत बरोबर ठरले होते. उरलेल्यांपैकी काहींचे निदान स्कॅनच्या मदतीने वेळीच सुधारता येते.

पार्किन्सनमध्ये एमआरआय नॉर्मलच येतो असे ऐकले आहे. मग तो कशासाठी करायचा?

ऐकलेले बरोबर आहे. पार्किन्सनच्या आजारात मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातील डोपामिन हे हालचालींना लागणारे रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि लक्षणे दिसू लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. तरीही नेहमीच्या एमआरआयमध्ये तो भाग जवळजवळ पूर्वीसारखाच दिसतो. एमआरआय केला जातो तो पार्किन्सन शोधण्यासाठी नव्हे, तर पार्किन्सनसारखे दिसणारे दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी.

त्या ‘दुसऱ्या काहीं’ मध्ये काही गोष्टी अशा आहेत की त्या सापडल्या तर रुग्णाचे नशीबच उघडते. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठून त्या फुगल्या असतील तर चाल जमिनीला चिकटल्यासारखी होते, लघवीवर ताबा राहत नाही आणि विसराळूपणा वाढतो. याला नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलस म्हणतात. कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून चाल सुधारते का हे पाहतात, आणि सुधारल्यास शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी नळी, बसवून रुग्णाला पुन्हा चालते करता येते. डोक्याला मार लागून कवटीखाली हळूहळू साठलेले रक्तही वयस्क माणसात असेच चित्र निर्माण करू शकते, आणि तो मार इतका किरकोळ असतो की कोणाला आठवतही नाही. रुग्ण चाळिशीच्या आतला असेल तर विल्सनचा आजार डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. त्यात शरीरात तांबे साठते, एमआरआयमध्ये मध्यमेंदूत कधी कधी पांडाच्या चेहऱ्यासारखी आकृती दिसते, आणि वेळेत निदान झाले तर औषधांनी आजार आटोक्यात राहतो.

गोव्यात विशेष लक्ष द्यावे लागते ते रक्तवाहिन्यांकडे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिआब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के आढळले. मधुमेह आणि रक्तदाब वर्षानुवर्षे अंगात मुरले की मेंदूच्या पांढऱ्या भागातील बारीक वाहिन्या बंद पडत जातात. अशा रुग्णाचे हात बऱ्यापैकी चालतात, पण पाय उचलत नाहीत. कमरेच्या वरचा माणूस ठणठणीत आणि खालचा आखडलेला, असे त्याचे रूप असते.

रिपोर्टमध्ये ‘वयोमानानुसार बदल’ लिहिले आहे. घाबरावे का?

नाही. साठीनंतर मेंदू थोडा आकसतो आणि त्यात काही पांढरे ठिपके दिसतात. एवढ्यावरून पार्किन्सन आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही नाही.

पीएसपी आणि एमएसए एमआरआयमध्ये ओळखू येतात का?

पुष्कळदा येतात, आणि एमआरआयचा खरा कस येथेच लागतो.

पीएसपीमध्ये मध्यमेंदू झिजतो आणि त्याच्या खालचा पॉन्स हा भाग बऱ्यापैकी शाबूत राहतो. डोक्याचा मधोमध उभा छेद घेतलेल्या चित्रात मध्यमेंदूचा वरचा फुगवटा सपाट किंवा खोलगट होतो आणि एकूण आकार बारीक डोके व लांब चोच असलेल्या पक्ष्यासारखा दिसतो. जगभर त्याला हमिंगबर्डचे चिन्ह म्हणतात. हमिंगबर्ड आपल्याकडे नाही, त्यामुळे जास्वंदीवर येणारा शिंजीर डोळ्यांसमोर आणला तरी चालेल. मात्र नुसत्या नजरेवर विसंबून राहणे मला पटत नाही. त्याच चित्रावर मध्यमेंदूची आणि पॉन्सची रुंदी मोजून दोहोंचे प्रमाण काढायला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि ते निम्म्याच्या आसपास उतरले की पीएसपीची शंका बळावते.

एमएसएमध्ये झीज मेंदूच्या आत खोलवर असलेला प्युटामेन हा भाग, पॉन्स आणि लहान मेंदू यांत होते. प्युटामेनच्या बाहेरच्या कडेला पांढरी रेघ उमटते, आणि पॉन्सच्या आडव्या छेदात क्रूसासारख्या दोन पांढऱ्या रेघा दिसतात. गुड फ्रायडेच्या सुमारास बेकरीत मिळणाऱ्या, वर क्रूस काढलेल्या गोड बनपावाची आठवण व्हावी अशी ही आकृती असते, आणि ‘हॉट क्रॉस बन’ हेच तिचे रूढ नाव आहे. कॉर्टिकोबेसल विकारात मेंदूचा एका बाजूचा पुढचा आणि मधला पृष्ठभाग दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त आकसलेला असतो.

या चिन्हांची अडचण अशी की आजाराच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत ती बरेचदा नसतात. ‘शिंजीर’ दिसला नाही म्हणून पीएसपी नाही, असे म्हणता येत नाही. दुसरी अडचण आमच्या टेबलावर तयार होते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी चिठ्ठ्यांवर ‘एमआरआय ब्रेन, पार्किन्सन?’ एवढेच असते. त्याऐवजी ‘वय ६८, दीड वर्षात चार वेळा मागच्या मागे पडले, जिना उतरताना खाली बघता येत नाही’ अशी एक ओळ असेल, तर मी तो उभा छेद उघडून पहिली पट्टी मध्यमेंदूवरच लावतो. ‘उभे राहिल्यावर चक्कर येते, लघवी आवरत नाही’ असे असेल तर आधी पॉन्सकडे जातो. चित्रे तीच असतात, पण कोरी चिठ्ठी असली की सूक्ष्म झीज ‘वयोमानानुसार’ या शब्दाखाली दडपली जाण्याचा धोका असतो. एकदा मी स्वतःच तसे लिहून बसलो होतो आणि न्यूरॉलॉजिस्टच्या फोननंतर तीच चित्रे पुन्हा मोजून रिपोर्ट दुरुस्त केला होता.

‘भिंगरीची शेपटी’ हे काय प्रकरण आहे?

३ टेस्ला चुंबकशक्तीच्या एमआरआय यंत्रावर लोहाचे अंश टिपणाऱ्या विशेष पद्धतीने चित्र घेतले, तर निरोगी माणसाच्या सबस्टॅन्शिया नायग्रामध्ये भिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी आकृती दिसते. पार्किन्सनमध्ये ती पुसली जाते. ही उपयुक्त खूण आहे, परंतु ती पीएसपी आणि एमएसएमध्येही पुसली जाते, रुग्ण किंचित हलला तरी दिसत नाही, आणि १.५ टेस्लाच्या यंत्रावर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख नसेल तर काही राहून गेले असे समजू नये.

एमआरआयऐवजी सीटी स्कॅन चालेल का?

पाणी, रक्तस्राव आणि मोठी गाठ एवढे सीटीत कळते. पेसमेकरसारख्या कारणाने एमआरआय करता येत नसेल तर सीटी करावा. मध्यमेंदूची बारीक झीज त्यात नीट मोजता येत नाही.

ट्रोडॅट स्कॅन म्हणजे काय?

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, ट्रोडॅट त्यातले कामकाज दाखवतो. डोपामिनच्या पेशींच्या टोकांवर, वापरून झालेले डोपामिन परत आत ओढून घेणारी प्रथिने असतात. त्यांना चिकटणारे औषध अत्यल्प किरणोत्सारी टेक्निशियम जोडून शिरेतून देतात, तीन ते चार तास थांबतात आणि मग गॅमा कॅमेऱ्याने अर्ध्या-पाऊण तासात चित्र घेतात. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना एकमेकांकडे तोंड केलेले दोन ठळक स्वल्पविराम दिसतात. पार्किन्सनमध्ये स्वल्पविरामाची शेपटी आधी जाते आणि उरते ते टिंब. शेपटीचा भाग म्हणजे प्युटामेनचा मागचा हिस्सा, आणि ज्या हाताला त्रास जास्त त्याच्या विरुद्ध बाजूला तो आधी फिका पडतो.

युरोप-अमेरिकेत याच कामासाठी आयोडीन-१२३ वापरणारा स्कॅन रूढ आहे. त्याला युरोपात २००० साली आणि अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली. भारतात ट्रोडॅट जास्त चालतो, कारण टेक्निशियम रुग्णालयातल्या जनरेटरमधून रोज काढता येते आणि ते तुलनेने स्वस्त पडते, तर आयोडीन-१२३ साठी सायक्लोट्रॉन हे किरणोत्सारी द्रव्ये बनवणारे मोठे यंत्र लागते.

ट्रोडॅट कोणाला उपयोगी पडतो?

ज्याचे निदान तपासणीतच स्पष्ट आहे आणि ज्याला लेव्होडोपाने चांगला गुण आला आहे, त्याला या स्कॅनची गरज नसते, आणि अशा रुग्णाने केवळ खात्रीसाठी काही हजार रुपये घालवू नयेत असे माझे मत आहे. उपयोग होतो तो दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे इसेन्शियल ट्रेमर, ज्याला लोक ‘घराण्यातला कंप’ म्हणतात. यात हात विश्रांतीत नव्हे तर काम करताना थरथरतो. चहाची बशी वाजते, अक्षर बारीक न होता वेडेवाकडे होते, आणि वडिलांचा किंवा आत्याचाही हात असाच थरथरत असे हे घरात सर्वांना माहीत असते. अशा काही जणांचा कंप घोटभर फेणी पोटात गेल्यावर तासाभरासाठी शांत होतो, पण हे डॉक्टरांना सांगायला ते लाजतात. त्यांनी ते सांगावे, कारण निदानाला त्याची मदत होते. उपचार म्हणून मात्र त्याचा विचारही करू नये. या विकारात स्वल्पविराम शाबूत असतात.

दुसरे ठिकाण म्हणजे औषधांमुळे झालेला पार्किन्सोनिझम, आणि तो वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त आढळतो. मानसिक आजारांवरची हॅलोपेरिडॉल आणि रिस्पेरिडोन ही औषधे बहुतेक डॉक्टरांच्या लक्षात असतात. लक्षातून निसटतात ती साधी वाटणारी औषधे: उलटीसाठी दिलेले मेटोक्लोप्रामाइड, चक्कर येते म्हणून दिलेले सिनारिझिन, अर्धशिशीसाठीचे फ्लुनारिझिन, आणि विशेषतः अ‍ॅसिडिटीच्या जोडगोळ्यांत मिसळलेले लेव्होसल्पिराइड. रोज सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी ती ‘गॅसची गोळी’ औषध आहे असे घरात कोणाला वाटतच नाही, त्यामुळे ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाला उत्तर येते ते ‘फक्त बीपीची’ असे. या औषधांनी डोपामिनचे काम अडते, पण पेशी शाबूत राहतात. म्हणून ट्रोडॅट नॉर्मल येतो, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत माणूस मोकळा होतो. स्कॅन बिघडलेला आला तर मात्र औषधाने आधीपासून आत असलेला पार्किन्सन फक्त उघड केला, असा त्याचा अर्थ निघतो.

ट्रोडॅट बिघडलेला आला म्हणजे पार्किन्सन नक्की झाला ना?

नाही. बिघडलेला ट्रोडॅट एवढेच सांगतो की डोपामिनच्या पेशी कमी झाल्या आहेत. त्या पीएसपी, एमएसए आणि ल्यूई बॉडी डिमेन्शियातही कमी होतात आणि चित्रे जवळपास सारखीच दिसतात. या विकारांना एकमेकांपासून वेगळे करायचे असेल तर साखरेसारख्या द्रव्याने केला जाणारा एफडीजी पेट स्कॅन जास्त कामाचा असतो, कारण मेंदूचा कोणता भाग सुस्तावला आहे याचा प्रत्येक विकाराचा नमुना वेगळा असतो. एमएसएमध्ये प्युटामेन साखर कमी घेते, पीएसपीमध्ये मध्यमेंदू आणि कपाळामागचा मधला भाग मंदावतो, पार्किन्सनमध्ये प्युटामेन उलट चांगले उजळलेले राहते. मधुमेह असलेल्याने या स्कॅनच्या दिवशीचे उपाशी राहणे आणि इन्सुलिन यांबद्दल केंद्राशी आधीच बोलावे. साखर चढलेली असेल तर चित्र धूसर येते.

एफ-डोपा पेट आणि ट्रोडॅट यांत चांगला कोणता?

एफ-डोपा हाही डोपामिनच्या पेशींचे काम दाखवणारा पेट स्कॅन आहे. त्याचे चित्र अधिक रेखीव येते, पण रोजच्या प्रश्नाचे, म्हणजे डोपामिनच्या पेशी कमी आहेत का याचे, उत्तर दोन्ही देतात. फरक पडतो तो सोयीत. एफ-डोपातील फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, म्हणजे पावणेचार तासांत चौथाईच उरते. ज्या शहरात सायक्लोट्रॉन नाही तेथे ते बाहेरून आणावे लागते, आणि गाडी किंवा विमान रखडले की त्या दिवशीच्या वेळा पुढे ढकलाव्या लागतात.

स्कॅनच्या आधी पार्किन्सनच्या गोळ्या बंद कराव्या लागतात का?

एमआरआयसाठी मुळीच नाही. उलट गोळी वेळेवर घेऊन यावे, म्हणजे कंप कमी राहतो. ट्रोडॅटच्या चित्रात लेव्होडोपाने फारसा फरक पडत नाही. मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट आणि नैराश्यासाठी किंवा सिगारेट सोडण्यासाठी दिले जाणारे ब्युप्रोपिऑन ही औषधे मात्र चित्र बिघडवतात. एफ-डोपासाठी आदल्या रात्रीपासून पार्किन्सनची औषधे थांबवायला सांगतात, आणि स्कॅनच्या तासभर आधी कार्बिडोपा हे औषध देतात. काय आणि किती वेळ थांबवायचे हे केंद्राने आणि डॉक्टरांनी मिळून सांगावे. लेव्होडोपा स्वतःच्या मनाने एकदम सोडणे धोक्याचे आहे.

हात इतका थरथरतो, एमआरआयमध्ये स्थिर कसे राहणार?

पार्किन्सनचा कंप गाढ झोपेत थांबतो, आणि हात थरथरला तरी डोके स्थिर राहिले की आमचे काम भागते. खरा त्रास असतो तो पाठीचा. कुबड आलेल्या माणसाला अर्धा-पाऊण तास सपाट झोपवणे कठीण जाते, म्हणून गुडघ्यांखाली उशी आणि मानेखाली घडी केलेली चादर मागून घ्यावी. शरीरात पेसमेकर, कानातले रोपण किंवा मेंदूत बसवलेले उत्तेजक यंत्र असेल तर वेळ ठरवतानाच सांगावे आणि त्याचे कार्ड बरोबर आणावे.

किरणोत्सर्गाचा धोका किती? घरी लहान नातू आहे.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो. डोपामिनच्या या अणुस्कॅनमध्ये शरीराला मिळणारी मात्रा साधारण दीड-दोन वर्षांत निसर्गातून आपोआप मिळणाऱ्या मात्रेएवढी असते. टेक्निशियम दर सहा तासांनी निम्मे होते, म्हणजे चोवीस तासांनी त्याचा सोळावा हिस्सा उरतो. त्या दिवशी भरपूर पाणी प्यावे आणि नातवाला मांडीवर घेणे दुसऱ्या दिवसावर टाकावे. घरात कोणी गरोदर असेल तर तेवढा वेळ थोडे अंतर ठेवावे.

आमचे वडील खाणीत होते. त्याचा संबंध असेल का?

हा प्रश्न सांगे, केपे आणि डिचोलीकडच्या कुटुंबांकडून येतो. गोव्यात लोहखनिजाबरोबर मँगनीजचेही खनिज निघत असे. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास पार्किन्सनसारखा विकार होऊ शकतो, आणि स्कॉटलंडमध्ये ते खनिज दळणाऱ्या कामगारांत तो १८३७ सालीच नोंदवला गेला होता. अशा रुग्णाची चाल टाचा उचलून कोंबड्यासारखी होते, लेव्होडोपाने फारसा गुण येत नाही, एमआरआयच्या टी-१ प्रकारच्या चित्रात ग्लोबस पॅलिडस हा भाग चमकतो आणि ट्रोडॅट बहुधा नॉर्मल असतो. संपर्क थांबल्यावर ही चमक काही महिन्यांत ओसरते, त्यामुळे वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसात ती शोधून उपयोग नाही. यकृत निकामी झालेल्यांच्या मेंदूतही मँगनीज साठून तशीच चमक दिसते. खाणीत काम केले म्हणजे हेच झाले असे समजू नये. पार्किन्सनचा नेहमीचा आजार खाणकामगारालाही होतो. मात्र चिठ्ठीवर पूर्वीच्या कामाचा उल्लेख जरूर असावा.

लक्षणे आहेत, पण ट्रोडॅट नॉर्मल आला. आता काय?

२०१५ च्या निकषांनुसार डोपामिनचा स्कॅन नॉर्मल असणे ही पार्किन्सनच्या विरुद्ध जाणारी भक्कम बाब आहे. अशा वेळी औषधे, इसेन्शियल ट्रेमर, डिस्टोनियाचा (स्नायू आपोआप आवळले जाण्याच्या विकाराचा) कंप, रक्तवाहिन्यांचा विकार आणि मानसिक ताणातून येणारा कार्यात्मक कंप यांचा पुन्हा विचार होतो. स्कॅन नॉर्मल असूनही पार्किन्सन म्हणून नोंदलेल्या अशा रुग्णांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना पार्किन्सन नव्हताच असे दिसून आले.

दर वर्षी स्कॅन करून आजार किती वाढला ते पाहावे का?

नाही. आजाराची वाढ आणि गोळीचा गुण तपासणीत आणि रोजच्या जगण्यात कळतो. नवे लक्षण आले, पडून डोक्याला मार लागला किंवा निदानाविषयी शंका उभी राहिली तरच पुन्हा स्कॅन करावा. ‘वडिलांना आहे, मला होईल का’ हे पाहण्यासाठी निरोगी मुलांनीही स्कॅन करू नये.

सोनोग्राफीने किंवा हृदयाच्या स्कॅनने पार्किन्सन कळतो म्हणतात, ते खरे का?

दोन्हींना आधार आहे. कानशिलातून केलेल्या सोनोग्राफीत पार्किन्सनच्या बहुतेक रुग्णांचा सबस्टॅन्शिया नायग्रा उजळ दिसतो, पण दहातल्या एखाद्या निरोगी माणसातही तो तसा दिसतो, काहींच्या कवटीतून लहरी आत शिरतच नाहीत, आणि हे करणारा सरावलेला हात मिळणे कठीण. एमआयबीजी या हृदयाच्या स्कॅनमध्ये पार्किन्सनमध्ये हृदयाला जाणाऱ्या नसांचे काम मंदावलेले दिसते आणि एमएसएमध्ये ते बहुधा शाबूत असते. मधुमेह आणि हृदयविकार यांमुळे तो स्कॅन फसतो, ही गोव्यातली मोठी अडचण आहे.

गोव्यात सुरुवात कोठून करावी, आणि बाहेर जावे लागले तर?

सुरुवात स्कॅन सेंटरपासून नव्हे तर न्यूरॉलॉजिस्टपासून करावी. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) न्यूरॉलॉजी विभाग आहे, आणि म्हापसा किंवा मडगाव येथील जिल्हा इस्पितळातून तेथे पाठवणी होऊ शकते. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर ठरलेला स्कॅन त्यात बसतो का, हे वेळ घेण्याआधी विचारावे. अणुस्कॅनसाठी मणिपाल, बेंगळुरू किंवा मुंबईला जाण्याचा सल्ला मिळाला तर निघण्यापूर्वी एक प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारावा: या स्कॅनचा निकाल असा आला किंवा तसा आला, तर उपचारांत काय बदलेल? काहीच बदलणार नसेल तर रात्रभराच्या गाडीत ताठरलेल्या माणसाला नेण्याचे कारण उरत नाही.

जाताना बरोबर काय न्यावे?

आधीचे सर्व एमआरआय आणि सीटी न्यावेत, आणि नुसता रिपोर्ट न नेता चित्रांची सीडीही न्यावी, कारण मोजमाप चित्रांवरच होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या फिल्म एकमेकींना चिकटतात आणि सीडीवर बुरशी चढते, म्हणून चित्रांची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. चालताना, खुर्चीतून उठताना आणि जेवताना मोबाइलवर काढलेला एकेक मिनिटाचा व्हिडिओ उपयोगी पडतो, कारण डॉक्टरांसमोर माणूस नेमका नीट चालतो. रात्री झोपेत ओरडणे आणि हातपाय झाडणे होत असेल तर त्याचाही व्हिडिओ घ्यावा. पडण्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात, आणि प्रत्येकीपुढे माणूस पुढे पडला की मागे, हेही लिहावे. गोळ्यांची नावे तोंडी सांगण्याऐवजी गेल्या वर्षभरातली सगळी रिकामी पाकिटे एका पिशवीत घालून आणावीत, त्यात गॅसच्या गोळीचेही.